पेशीतील पहारेकरी आणि गुणसूत्रांवरील ठिसूळ जागा



जमाखर्चाच्या पानांपूर्वी एखाद्या आजाराविषयी सुबोध माहिती देण्याचा आपल्या अहवालाचा जुना प्रघात आहे. यंदा कर्करोगाचा, त्यातही तोंडाच्या कर्करोगाचा विषय निवडला, त्याला एक प्रश्न कारण झाला. हा प्रश्न तपासणीच्या खोलीत क्वचितच विचारला जातो. तो बिलाच्या खिडकीशी, औषधांच्या रांगेत किंवा व्हरांड्यातील बाकावर विचारला जातो. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर अशा गावांहून वडिलांना घेऊन आलेला मुलगा डॉक्टरांसमोर गप्प असतो. नंतर तो आमच्या कार्यालयात येऊन बसतो, पाणी पितो आणि खालच्या आवाजात म्हणतो, "साहेब, बाबाले झालं ते आमच्या रक्तात त नसन ना? बहिनीचं लग्न जुळलं हाये."

याच्या जोडीला दुसरा प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुधा रुग्णाच्या पत्नीचा असतो. "साऱ्या गावानं खर्रा खाल्ला, मंग यायलेच काऊन झालं?"

हे दोन्ही प्रश्न साधे वाटतात. त्यांचे उत्तर मात्र पेशीच्या पोटात, गुणसूत्रांवरील काही विशिष्ट जागांशी जाऊन थांबते. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे. आयुष्य खतावण्या आणि ताळेबंद यांत गेले. त्यामुळे आम्हांला जे समजले ते आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांकडून वारंवार विचारून, त्यांचा वेळ खाऊन समजले आहे, आणि येथे ते हिशेबनिसाच्या भाषेतच मांडले आहे. जाणकारांनी ते गोड मानून घ्यावे.

मनुष्यदेहातील जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. २३ वडिलांकडून आलेली आणि २३ आईकडून. पेढीच्या भाषेत सांगायचे तर २३ खतावण्यांचे दोन संच. एका संचातील मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा, आणि त्यात प्रथिने कशी घडवावीत हे सांगणाऱ्या सुमारे २० हजार नोंदी. या नोंदी म्हणजेच जनुके. एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या असतील, तर त्याआधी या सर्व खतावण्यांची अक्षरशः नक्कल करावी लागते. गालाच्या आतले अस्तर सतत झिजते आणि सतत नवे होते. म्हणजे तेथे हे नकलेचे काम जन्मभर, रात्रंदिवस चालू असते. त्यात चुका होणारच. आश्चर्य इतकेच की त्या इतक्या थोड्या होतात.

चुका थोड्या राहतात, कारण पेशीत तपासनीस नेमलेले आहेत. काही जनुके पेशीला वाढ म्हणून सांगतात, तर काही जनुके तिला थांबवतात, चूक दुरुस्त होईपर्यंत पुढची सही रोखून धरतात, आणि दुरुस्ती अशक्य असेल तर त्या पेशीला मरण पत्करायला लावतात. या दुसऱ्या प्रकारच्या जनुकांना अर्बुदरोधक, म्हणजे गाठीला अटकाव करणारी जनुके म्हणतात. आमच्या व्यवसायात अंतर्गत लेखापरीक्षक जे करतो, तेच काम. यांतील सर्वांत प्रसिद्ध जनुक टीपी ५३. त्याच्या प्रथिनाचा शोध १९७९ साली लागला, आणि गंमत अशी की पहिली दहा वर्षे ते कर्करोग वाढवणारे आहे अशीच समजूत होती. तो पहारेकरी आहे हे १९८९ साली स्पष्ट झाले. चोर म्हणून पकडलेला माणूस चौकीदार निघावा, तसा हा प्रकार झाला.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असल्यामुळे एक प्रत बिघडली तरी दुसरी काम सांभाळते. अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यांच्या पडद्यावर होणाऱ्या कर्करोगाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. काही मुलांना हा रोग फार लवकर आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत होत होता, तर काहींना जरा उशिरा आणि एकाच डोळ्यात. नुडसन यांनी केवळ आकडेमोडीवरून सांगितले की रोगासाठी दोन घाव लागतात. पहिल्या प्रकारच्या मुलांना एक घाव जन्मतःच मिळालेला असतो, त्यांच्या प्रत्येक पेशीत एक प्रत आधीच बिघडलेली असते. दुसऱ्या प्रकारच्या मुलांत दोन्ही घाव एकाच पेशीवर जन्मानंतर पडावे लागतात. ज्या जनुकाविषयी हे भाकीत होते, ते पुढे १९८६ साली हाती लागले. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता जुन्या केसपेपरांतून एवढा मोठा निष्कर्ष निघू शकतो, ही गोष्ट आमच्या नोंदणी विभागातील कर्मचाऱ्यांना आम्ही आवर्जून सांगत असतो.

आता ठिसूळ जागांकडे वळू. १९८४ साली अमेरिकेतील डॉ. थॉमस ग्लोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींना अ‍ॅफिडिकोलिन नावाचे रसायन अत्यल्प प्रमाणात दिले. हे रसायन नकलेचे काम थांबवीत नाही, फक्त मंद करते. सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसले की काम मंदावताच गुणसूत्रे वाटेल तेथे नव्हे, तर ठरावीक जागांवरच तडकतात. या जागा आजारी माणसांतच असतात असेही नाही. तुमच्या आमच्या, सर्वांच्या गुणसूत्रांवर त्या आहेत. यांपैकी सर्वांत जास्त तडकणारी जागा तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भागावर आहे.

ती तेथेच का तडकते, हे समजण्यासाठी ३१ मार्चची आठवण करावी. एरवी एखाद्या लांबलचक खतावणीची नक्कल करताना तिचे भाग पाडून ठिकठिकाणी कारकून बसवतात आणि सर्वांचे काम वेळेत जुळते. परंतु समजा, एक वही इतरांच्या कितीतरी पट जाड आहे, तिच्या मधल्या भागात कोणी कारकूनच नाही, दोघे आहेत ते दोन टोकांना, आणि त्यांचे कामही इतरांनंतर सुरू होते. दिवस बरा गेला तर दोघे मध्यावर भेटतात. दिव्याचा खोळंबा झाला, शाई संपली, की मधली पाने नक्कल व्हायची राहून जातात. वर्षअखेर मात्र थांबत नाही. पेशी विभागते, दोन्ही प्रती दोन दिशांना ओढल्या जातात, आणि अर्धवट जोडलेली वही मधोमध फाटते. पुढे शिवणकाम होते खरे, पण मधली काही पाने गहाळ झालेली असतात. २०११ साली फ्रान्समधील संशोधकांनी याच तिसऱ्या गुणसूत्रावरील जागेत रक्तातील पेशी नकलेची सुरुवात करणारी केंद्रे जवळजवळ ठेवतच नाहीत, असे दाखवून दिले. मधल्या भागात कारकून नाही, ही केवळ आमची उपमा नव्हे.

१९९६ साली डॉ. कार्लो क्रोचे आणि डॉ. के ह्युबनर यांच्या गटाने या ठिसूळ जागेवर नेमके काय लिहिलेले आहे ते शोधून काढले. तेथे एक जनुक होते. त्याच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे जोडून शास्त्रज्ञ त्याला 'फिट' म्हणतात. (आपल्याकडे फिट येणे म्हणजे मिरगी. तिचा याच्याशी काही संबंध नाही. एका रुग्णाच्या आईने घाबरून विचारले होते म्हणून हा खुलासा.) हे जनुक सुमारे १५ लाख अक्षरे लांब आहे. त्यावरून बनणारे प्रथिन मात्र अवघ्या १४७ घटकांचे, म्हणजे कामाचा मजकूर साडेचारशे अक्षरांच्या आत. बाकीची लाखो अक्षरे मधली मोकळी पाने. हिशेबनिसाला हे पाहून हुरहूर वाटते. चार ओळींच्या नोंदीसाठी एवढी जाड वही, आणि तीही फाटणाऱ्या जागी! उंदरातदेखील हे जनुक ठिसूळ जागेवरच आढळते, म्हणजे ही रचना फार पुरातन असली पाहिजे. सोळाव्या गुणसूत्रावरील दुसऱ्या मोठ्या ठिसूळ जागेवर २००० साली असेच एक अवाढव्य रोधक जनुक सापडले. त्याला 'वॉक्स' म्हणतात. त्याची लांबी दहा लाखांहून अधिक अक्षरांची, आणि प्रथिन ४१४ घटकांचे.

पहारेकऱ्याची चौकीच ढासळणाऱ्या काठावर बांधलेली असावी, अशी ही परिस्थिती आहे. फुप्फुस, अन्ननलिका, स्तन, गर्भाशयमुख, डोके व मान अशा अनेक कर्करोगांत 'फिट'चे तुकडे गळालेले किंवा त्याचे प्रथिन नाहीसे झालेले आढळते. डोके व मान यांच्या कर्करोगांतील बिघाड जनुकाच्या शोधाच्याच वर्षी, १९९६ साली, नोंदला गेला. तोंडाचा कर्करोग याच गटात मोडतो.

येथे एका शंकेचा उल्लेख केला नाही तर आम्ही अर्धाच हिशेब मांडला असे होईल. जी जागा मुळातच फाटणारी, ती कर्करोगाच्या गोंधळात फाटलेली सापडली यात नवल काय? फाटली म्हणून रोग झाला, की रोग झाला म्हणून फाटली? या प्रश्नावर शास्त्रज्ञांत अनेक वर्षे वाद झाला आणि तो पूर्णपणे मिटलेला नाही. 'फिट' निष्पाप साक्षीदार नाही याला पुरावा आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, 'फिट'ची एकच प्रत असलेल्या उंदरांना नायट्रोसामाइन वर्गातील कर्ककारक रसायन दिले, तेव्हा त्या सर्वांना गाठी झाल्या. दोन्ही प्रती शाबूत असलेल्या उंदरांत हेच प्रमाण एक चतुर्थांश होते. पुढे २०१२ साली असे दिसले की 'फिट' नाहीसे झाले की नकलेसाठी लागणारा कच्चा माल पेशीत कमी पडतो, आणि मग इतर खतावण्यांतही चुका वाढू लागतात. म्हणजे हा पहारेकरी थेट चोराशी झुंजणारा नसून कागद आणि शाई वेळेवर पुरवणारा दिसतो. तो गेला की घर एकदम लुटले जात नाही, कारभार हळूहळू ढिला पडतो. आम्हांला स्वतःला हे स्पष्टीकरण पटते, कारण संस्था बहुधा अशाच बुडतात.

हा सगळा प्रकार वऱ्हाडात कसा घडतो? सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा कोणाला वर्णन करून सांगायला नको. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये बंदी आली, पण खर्रा पानठेल्यावर डोळ्यांसमोर तयार होतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू घेत असल्याचे दिसून आले. आमच्या प्रतीक्षालयात बसून पाहिले, तर हा आकडा कमीच वाटतो. शेतावर, आठवडी बाजारात, लग्नाच्या मांडवात खर्रा पुढे करणे हा पाहुणचार समजला जातो, आणि नको म्हणणारा शिष्ट ठरतो.

गोळी गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत तासन्‌तास राहते. तंबाखूतील नायट्रोसामाइने त्या एकाच जागी झिरपत राहतात. नायट्रोसामाइन हे नाव वर उंदरांच्या प्रयोगात आलेच आहे. तेथील रसायन वेगळे होते, पण घराणे तेच. 'मी तंबाखू घेत नाही, नुसती सुपारी खातो' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी सांगावयास हवे की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाही मनुष्यात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले आहे. सुपारीमुळे गाल आतून ताठर होतो, तोंड उघडेनासे होते, तिखट लागले की आग होते. भाकरीचा मोठा घास घेता येत नाही, ही तक्रार घेऊन आलेल्या तिशीतील तरुणाला आपण कर्करोगाच्या उंबरठ्यावर आहोत हे ठाऊक नसते.

सवय आणि गाठीची जागा यांचे नाते मराठी माणसानेच प्रथम नीट मांडले, हे अभिमानाने नमूद करतो. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि तेथील विकृतिशास्त्राचे काम डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आले. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. दुसऱ्याच वर्षी डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी केवळ सवयीतून उद्भवणारे तीन कर्करोग वर्णन केले. खैनी ठेवणाऱ्याला खालच्या ओठाच्या खाचेत, जळते टोक तोंडात धरून चिरूट ओढणाऱ्याला टाळूला, आणि धोतर कंबरेला घट्ट बांधणाऱ्याला त्या काचाच्या जागी. त्या काळी जनुकांची भाषा नव्हती. तरीही घाव कोठे पडतो, हे त्यांनी नुसत्या डोळ्यांनी ओळखले होते.

त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, २०१३ साली, टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील संशोधन संस्था आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्था यांच्या चमूने नेमक्या याच, गाल आणि हिरडी यांच्या खाचेतील कर्करोगाची जनुके वाचून काढली. वारंवार बिघडलेल्या जनुकांत टीपी ५३, फॅट १, कॅस्पेज ८, नॉच १ ही नावे आली. बहुतेक सारे पहारेकरीच. एकट्या 'फिट'वर सगळे खापर फोडता येत नाही. पहारा अनेक ठिकाणी उठलेला असतो.

आता त्या मुलाचे उत्तर. वडिलांच्या गालातील पेशीत जी वही फाटली, ती त्या गालातच फाटली. मुलगा जन्मला तो वडिलांच्या बीजपेशीतून, आणि तिच्यापर्यंत गालातली ही फाटाफूट पोहोचत नाही. ठिसूळ जागा प्रत्येकाला वारशाने मिळते हे खरे. झालेली फाटाफूट मात्र बहुतांश ज्याची त्याने आयुष्यात कमावलेली असते. सर्व प्रकारच्या कर्करोगांत ठळकपणे आनुवंशिक म्हणता येतील असे साधारण ५ ते १० टक्केच. घरात दोन-तीन स्त्रियांना कमी वयात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, आतड्याचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या दिसत असेल, बाळाच्या डोळ्यात पांढरी चमक दिसत असेल, तर मात्र आम्ही स्वतःहून आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांकडे पाठवतो. 'फिट'च्या बाबतीतही एक अपवाद वैद्यकीय इतिहासात प्रसिद्ध आहे. १९७९ साली अमेरिकेतील एका कुटुंबात तीन पिढ्यांत मूत्रपिंडाचा कर्करोग आढळला आणि त्यांच्यात तिसऱ्या व आठव्या गुणसूत्रांची अदलाबदल वारशाने येत असल्याचे दिसले. ती तोड 'फिट'च्या मधूनच गेली होती. जगभर चर्चा व्हावी इतका तो दुर्मीळ प्रकार होता. खर्रा खाणाऱ्या बापाच्या लेकीची सोयरीक मोडावी, असे त्यात काहीही नाही.

हे एवढ्या विस्ताराने सांगण्यास कारण आहे. गेल्या काही वर्षांत रुग्णांचे नातलग कोठून तरी जनुकीय चाचण्यांचे जाड अहवाल करून आणू लागले आहेत. वडिलांना तोंडाचा कर्करोग झाला म्हणून तिन्ही मुलांच्या रक्ताची चाचणी करून आणलेले एक कुटुंब आम्ही पाहिले. त्यासाठी त्यांनी दुभती म्हैस विकली होती. अहवालात काही निघाले नाही, आणि निघणारही नव्हते. त्यांच्यापैकी थोरल्याच्या गालात पांढरा चट्टा होता. तो कोणी पाहिलाच नव्हता.

पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर अधिक अवघड आहे, कारण त्यात दैवाचा भाग आहे. एकाच पेशीत, अनेक पहारेकऱ्यांच्या दोन्ही प्रती नष्ट व्हाव्या लागतात. ते कोणाच्या गालात, कोणत्या वर्षी घडेल हे सांगता येत नाही. ज्याला झाले नाही तो सुरक्षित होता असे नाही. त्याची वही अजून फाटली नव्हती, इतकेच. फाटण्याची संधी मात्र प्रत्येक पुडीबरोबर नव्याने येते. या माउलीला हे ऐकून समाधान होत नाही, हे आम्ही जाणतो.

एक गोष्ट त्यातल्या त्यात दिलासा देणारी आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तपेशींत ठिसूळ जागा, विशेषतः तिसऱ्या गुणसूत्रावरील, धूम्रपान न करणाऱ्यांपेक्षा अधिक प्रमाणात तडकताना दिसल्या. ज्या रुग्णांनी धूम्रपान सोडले होते, त्यांच्यात हे प्रमाण कमी होते. गहाळ झालेली पाने परत येत नाहीत, पण नवी फाटण्याचा वेग उतरतो. अभ्यास सिगारेटचा होता, खर्ऱ्याचा नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी 'आता इतकी वर्षे खाल्ला, सोडून काय उपयोग' असे म्हणणाऱ्या माणसासमोर आम्ही हाच अभ्यास मांडतो.

पांढऱ्या चट्ट्याविषयीही १९९६ सालचा एक अभ्यास आहे. तोंडात पांढरे चट्टे असलेल्या ३७ रुग्णांच्या तुकड्यांत तिसऱ्या गुणसूत्रावरील 'फिट'चा परिसर आणि नवव्या गुणसूत्रावरील आणखी एक भाग तपासला गेला. यांपैकी काहीतरी गळालेल्या १९ जणांपैकी ७ जणांना पुढे कर्करोग झाला. दोन्ही शाबूत असलेल्या १८ जणांपैकी एकाला. म्हणजे डोळ्यांना चट्टा दिसतो, त्या वेळी आत पहारा उठण्यास सुरुवात झालेली असू शकते, आणि गाठ व्हायला अजून अवकाश असतो. हा अवकाश हीच आमच्या दृष्टीने या साऱ्या विज्ञानातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

गतवर्षी आपल्या एका थोर देणगीदारांनी जनुके वाचण्याचे यंत्र घेण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली. त्यांची भावना निर्मळ होती. त्यांच्या घरात हा आजार होऊन गेला आहे. आम्ही विश्वस्तांशी बोलून त्यांना नम्रपणे सांगितले की 'फिट' किंवा 'वॉक्स' गळाले आहे हे कळले तरी ते परत बसवणारे औषध आज कोणत्याही रुग्णालयाच्या कपाटात नाही. उंदरांत विषाणूंमार्फत हे जनुक पुन्हा पोहोचवून गाठी रोखण्याचे प्रयोग २००१ साली झाले, पण रुग्णसेवेत त्याचा उपयोग अद्याप नाही. त्यापेक्षा आपल्याला हवे आहेत चांगल्या प्रकाशाची तपासणी खुर्ची, तुकडा काढण्याची साधने, तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांचे मानधन आणि गावोगाव जाणाऱ्या दोन कार्यकर्त्यांचा पगार. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली, तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. देणगीदार महोदयांनी दोन दिवस विचार केला आणि रक्कम तशीच ठेवून उद्देश बदलला. त्यांचे नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे.

स्त्रियांविषयी थोडे. गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा विषाणू पेशीत शिरला की आपला मजकूर गुणसूत्रात घुसवतो, आणि त्यासाठी त्याला ठिसूळ जागा सोयीच्या पडतात. तिसऱ्या गुणसूत्रावरील आपली जागाही त्यांत आहे. आपल्याच राज्यातील तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांना सामावून घेणारी चाचणी झाली आणि आयुष्यात एकदा केलेल्या विषाणू तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ साली जगासमोर आले. या विषयावर स्वतंत्र लेख पुढील अहवालात देण्याचा मानस आहे.

निदान झाल्यावर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांसाठी आपले रुग्ण बहुधा नागपूर किंवा मुंबई गाठतात. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यातील यावलीचा हा सुपुत्र १९६८ साली गुरुकुंज मोझरी येथे कर्करोगानेच आपल्यातून गेला. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या रुग्णांना आसरा देणारी दादरची धर्मशाळा गाडगेबाबांच्या नावाने चालते, आणि बाबाही आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावचे. परक्या शहरात उतरलेल्या वऱ्हाडी कुटुंबाला दारावर ओळखीचे नाव दिसते. या दोन्ही ठिकाणांसाठी लागणारी पत्रे, तपासण्यांचे कागद आणि शासकीय योजनेचे अर्ज आपला समाजसेवा विभाग तयार करून देतो. त्यासाठी शिधापत्रिका व आधारपत्र सोबत आणावे.

तोंडाची तपासणी बाह्यरुग्ण विभागात विनामूल्य केली जाते. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, गालात किंवा मानेत लागणारी गाठ, यांपैकी काहीही असल्यास केसपेपर काढून थेट दंतविभागात यावे. रुग्णासोबत आलेल्या नातलगांनीही, ते खर्रा किंवा सुपारी घेत असतील तर, त्याच वेळी आपले तोंड दाखवून घ्यावे. त्यांच्यासाठी वेगळी रांग नाही आणि वेगळे शुल्कही नाही. वडिलांविषयी विचारायला आलेल्या मुलांना आम्ही आता कार्यालयातून उठून स्वतः तेथवर सोडून येतो.